वाचकांचे प्रश्न: पेंटागॉनचे साडेसहा ट्रिलियन डॉलर गेले कुठे?

प्रश्न: एक मेसेज फिरतोय की अमेरिकन आर्मीचे एका वर्षात साडेसहा ट्रिलियन डॉलर गायब झाले आणि हे तिथल्या सरकारी रिपोर्टमध्येच लिहिलंय. खरंय का? एवढा पैसा चोरीला जाऊ शकतो?

उत्तर: रिपोर्ट खरा, आकडा खरा, अर्थ मात्र साफ चुकीचा लावलाय. जुलै 2016 मध्ये पेंटागॉनच्याच, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्याच, इन्स्पेक्टर जनरलने (खात्यावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) तो रिपोर्ट काढला होता, आर्थिक वर्ष 2015 मधल्या आर्मी जनरल फंडाबद्दल, म्हणजे आर्मीच्या मुख्य निधीबद्दल. त्यात म्हटलंय की वर्षअखेरीला साडेसहा ट्रिलियनच्या, म्हणजे साडेसहा लाख कोटी डॉलरच्या अॅडजस्टमेंट एंट्री, म्हणजे हिशेब जुळवायला केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी, मारल्या गेल्या आणि त्यांना पुरेसे कागद जोडलेले नाहीत. आता मेसेज पुढे ढकलायच्या आधी एवढं तरी बघायचं ना, की अमेरिकेचं सगळं संरक्षण बजेट त्या वर्षी 600 अब्ज डॉलरच्या, म्हणजे 0.6 ट्रिलियनच्या आसपास होतं, म्हणजे आर्मीकडे जे कधी आलंच नाही ते चोरणार कोण आणि कुठून?

मग आकडा एवढा फुगतो कसा, तर अॅडजस्टमेंट मोजताना अधिक-वजा करून निव्वळ रक्कम काढत नाहीत, प्रत्येक एंट्रीची पूर्ण रक्कम धरतात. समजा 100 कोटी चुकीच्या खात्यात पडले, ते उलटवले, मग बरोबर खात्यात टाकले, तर झाल्या 300 कोटींच्या एंट्री, आणि प्रत्यक्षात एक डॉलरसुद्धा हललेला नाही. हेच खालच्या ऑफिसपासून वरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर परत परत होत राहिलं की ट्रिलियनमध्ये जायला वेळ लागत नाही.

पण म्हणून "काही नाही हो, कागदाची गडबड आहे" म्हणून सोडून द्यायचं असंही नाही, आणि मला यातलं हेच जास्त गंभीर वाटतं. एंट्रीमागे व्हाउचर नसेल तर चोरी झाली असं सिद्ध करता येत नाही आणि झाली नाही असंही करता येत नाही. हा हिशेब डिफेन्स फायनान्स अँड अकाउंटिंग सर्व्हिस नावाची संस्था ठेवते, लोक तिला डीफास म्हणतात. वेगवेगळ्या जुन्या सिस्टिममधून आकडे येतात, ते ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी तिजोरीच्या आकड्यांशी जुळत नाहीत, महिनाअखेर डोक्यावर असते, मग काय, फरकाएवढी एंट्री मारायची आणि मेळ बसवायचा. अशा ठोकून बसवलेल्या आकड्याला तिथे 'प्लग' म्हणतात आणि रॉयटर्सने 2013 मध्ये यावर मोठी शोधमालिकाच केली होती. त्याच 2016 च्या रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मेसेजमध्ये कधीच येत नाही, ती म्हणजे तिसऱ्या तिमाहीत 13 लाख रेकॉर्डपैकी किमान 16,513 रेकॉर्ड सिस्टिमने काढून टाकले आणि का काढले याचं डीफासकडे धड उत्तरच नव्हतं. माझ्या मते बातमी ही होती.

प्रश्न: तेव्हाचा अमेरिकन संरक्षणमंत्री रम्सफेल्डने 10 सप्टेंबर 2001 ला 2.3 ट्रिलियन गायब असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी पेंटागॉनवर विमान आदळलं. हा योगायोग कसा मानायचा?

उत्तर: योगायोगच मानायचा. रम्सफेल्डने गायब हा शब्द वापरला नव्हता, काही अंदाजांनुसार एवढ्या व्यवहारांचा माग लावता येत नाही असं तो म्हणाला होता, आणि तेही जुन्या कॉम्प्युटर सिस्टिमबद्दल बोलताना. शिवाय तो आकडा गुपित नव्हताच, आर्थिक वर्ष 1999 च्या पुराव्याशिवायच्या एंट्रींचा होता आणि इन्स्पेक्टर जनरलने 2000 मध्येच तो जाहीर केला होता. वर्षभर आधी छापून आलेली गोष्ट लपवायला कोण कशाला काही करेल.

प्रश्न: युक्रेनला शस्त्रं देताना पेंटागॉनकडून हिशेबात 6.2 अब्ज डॉलरची चूक झाली असं 2023 मध्ये वाचलं होतं. एवढी मोठी चूक कुणाच्या लक्षात कशी येत नाही?

उत्तर: ही केस मला आवडते कारण यात बेरीज-वजाबाकी कुठेच चुकली नव्हती, चुकलं ते किंमत धरण्यात. राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या सैन्याच्या साठ्यातून थेट शस्त्रं द्यायचा अधिकार असतो आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, त्याला डॉलरमध्ये मर्यादा घालते, त्यामुळे प्रत्येक तोफगोळ्याची, गाडीची काहीतरी किंमत लावून ती त्या मर्यादेतून वजा करावी लागते. ती लावायची होती पुस्तकी किंमत, म्हणजे घसारा वजा जाऊन जी उरते ती, पण काही ठिकाणी लावली गेली तीच वस्तू आज नवीन घ्यायची तर पडेल ती. वीस-तीस वर्षं गोदामात पडलेल्या मालाच्या बाबतीत या दोन आकड्यांत किती फरक पडत असेल बघा. आधी मे 2023 मध्ये 3 अब्ज सांगितले, जूनमध्ये ते 6.2 झाले, 2022 चे 2.6 आणि 2023 चे 3.6, आणि मग 2024 मध्ये अजून 2 अब्ज सापडले.

गंमत म्हणजे चूक सापडल्यावर पैसे गेल्याचं नाही, शिल्लक असल्याचं कळलं! तेवढी मर्यादा परत मोकळी झाली आणि आणखी शस्त्रं पाठवता आली. काही काँग्रेस सदस्य त्यावरून चिडले ते मला बरोबर वाटतं, कारण मर्यादा घालणारा एक आणि किंमत ठरवणारा दुसरा असेल तर ती मर्यादा कागदावरच राहते. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचं, म्हणजे संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओचंही म्हणणं हेच पडलं की कायद्यात किंमत म्हणजे नक्की काय ते स्पष्ट नाही, काँग्रेसने ते स्पष्ट करावं.

प्रश्न: मी सीएचा अभ्यास करतोय. पेंटागॉन ऑडिटमध्ये नापास झालं असं दरवर्षी छापून येतं, म्हणजे नेमकं कुठलं ओपिनियन मिळतं? आणि कंट्रोल नसतातच का तिथे?

उत्तर: डिस्क्लेमर मिळतं. म्हणजे हिशेब चुकीचे आहेत असं ऑडिटर म्हणत नाही, तो म्हणतो की मत द्यायला पुरेसा पुरावाच मिळाला नाही, आणि तुम्हाला सांगायला नको की अॅडव्हर्स, म्हणजे हिशेब चुकीचे आहेत असं मत, वेगळं आणि हे वेगळं. सरकारी खात्यांचे हिशेब सुधारायला केलेला चीफ फायनान्शियल ऑफिसर्स अॅक्ट 1990 चा, जीएओच्या हाय रिस्क, म्हणजे जास्त धोक्याच्या कारभारांच्या यादीत पेंटागॉनचं फायनान्स 1995 पासून, आणि पूर्ण खात्याचं पहिलं ऑडिट झालं कधी तर 2018 मध्ये. तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री शानाहान म्हणाले होते की पास होऊ अशी अपेक्षा नव्हतीच. तेव्हापासून दरवर्षी डिस्क्लेमर. 2024 ला 28 घटकांपैकी 9 जणांना क्लीन ओपिनियन, म्हणजे हिशेब बरोबर असल्याचं मत, होतं, पण सगळ्यांचं एकत्र केलं की गाडी अडतेच, कारण चार ट्रिलियनच्या वर मालमत्ता आणि ती जगभर पसरलेली.

कंट्रोल, म्हणजे चूक किंवा चोरी रोखायला ठेवलेल्या तपासण्या, नसतात असं नाही, भरपूर असतात, पण ते प्रत्यक्ष मालापर्यंत पोचत नाहीत. उदाहरण देतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल नेव्हल एअर स्टेशनवर ऑडिटच्या निमित्ताने एक गोदाम सापडलं. आत विमानांचे 12.6 कोटी डॉलरचे सुटे भाग होते आणि त्यांची सिस्टिममध्ये नोंदच नव्हती, त्यात एफ-14 चे पण भाग होते जे विमान नेव्हीने 2006 मध्येच निवृत्त केलं! ते भाग सिस्टिमवर चढवले आणि थोड्याच आठवड्यांत त्यातल्या सुमारे 2 कोटी डॉलरच्या भागांना मागणी आली, कारण तेच भाग नाहीत म्हणून दुसरीकडे विमानं उभी होती. म्हणून "सैन्याला ऑडिट कशाला, त्यांचं काम लढायचं" असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण सांगतो. एंट्री नसेल तर वस्तू असून नसल्यासारखी, आणि मग तीच परत विकत घेतली जाते.

प्रश्न: मग हे कधी सुधारणार?

उत्तर: कायद्याने मुदत दिलीये, 2028 संपायच्या आत क्लीन ओपिनियन. संपूर्ण खात्याला जमेल असं मला तरी वाटत नाही, पण अशक्य आहे असंही नाही कारण मरीन कोअरने, म्हणजे अमेरिकन सैन्याच्याच एका दलाने, करून दाखवलंय. त्यांनी ऑडिटला दोन वर्षं घेतली, ऑडिटर 70 हून जास्त ठिकाणी फिरले, दारूगोळ्याचेच 2 कोटी 40 लाख नग तपासले गेले, त्यातले काही तर आर्मी आणि नेव्हीच्या कोठारात ठेवलेले होते, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये क्लीन ओपिनियन जाहीर झालं. क्लीन मिळालं तरी ऑडिटरने कंट्रोलमधल्या गंभीर त्रुटी लिहून दिल्याच आहेत, कारण आकडे शेवटी बरोबर आले ते बरंचसं हाताने मोजून, सिस्टिमवर विसंबून नाही. दरवर्षी असं हाताने मोजणं आर्मी किंवा एअर फोर्सच्या आकाराला परवडणारं नाही, त्यांना आधी त्या जुन्या सिस्टिमच बंद कराव्या लागतील.