आईचा फोन वाजू दे, बाकी बंद कर

*ताई, मी 44 वर्षांची. डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. मे महिन्यात आम्ही सहा दिवस गुहागरला जातोय आणि घरात आत्तापासूनच माझ्या फोनवरून धुसफूस सुरू झाली आहे. 2025 च्या मे महिन्यात आम्ही हर्णैला होतो, तेव्हाच ऑपरेशन सिंदूर झालं. बाकीचे रात्री ओटीवर मेंढीकोट खेळायचे आणि मी आत खाटेवर पहाटेपर्यंत बातम्या बघत पडायचे. परत आल्यावर पंधरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, तू आली होतीस का आमच्याबरोबर?" यंदा नवरा म्हणतो, सगळ्यांचे फोन घरी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. (स्वतः दर दहा मिनिटांनी आयपीएलचा स्कोअर बघतो.) मला नुसतं ऐकूनच छातीत धडधडतं. साताऱ्याला आई एकटी असते. शिवाय सोसायटीचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा ग्रुप, आणि जाऊबाईंच्या फोटोंना दाद दिली नाही की त्यांचा रुसवा. फोन हातात नसला की काहीतरी वाईट घडेल असं वाटत राहतं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले त्या संध्याकाळी मी नाटकाला होते, फोन सायलेंटवर. बाहेर आले तर भावाचे अकरा मिस्ड कॉल. असो. ही सवय कशी सोडवू, तेवढं सांगा.*

तू ताई म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहिते. सवय सोडवण्याबद्दल विचारलंस, त्याचं सांगतेच. पण आधी पत्राच्या शेवटी घाईघाईने लिहिलेल्या त्या अकरा मिस्ड कॉलबद्दल बोलू, कारण माझ्या मते सगळं तिथूनच सुरू झालंय.

त्या संध्याकाळी तू काहीही चुकीचं केलं नव्हतंस. नाटकाला गेल्यावर फोन बंद ठेवायचा असतो, तसा तू ठेवलास. पण ती संध्याकाळ मनात अशी रुतली की तेव्हापासून तू राखणीला बसली आहेस. नजर हटली की काहीतरी होणार, आणि झालं तर ते आपल्यामुळे. मग आईची काळजी, सीमेवरची काळजी, सोसायटीतलं पाणी, शाळेची फी, सगळं एकाच छोट्या पडद्यावरून येत असल्यामुळे तुला त्यातलं काहीच बाजूला ठेवता येत नाही. एक सोडलं तर सगळंच सोडल्यासारखं वाटतं.

जरा आठव, बाबांची बातमी तुला कुणी दिली? भावाने, फोन करून. कुठल्या वाहिनीच्या पट्टीवर ती आली नव्हती, येणारही नव्हती. आपल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर शेजारच्या काकू फोन करतात, भाऊ करतो, दवाखान्यातून फोन येतो. म्हणजे ज्या गोष्टीच्या धाकाने तू रात्रभर पडद्याकडे बघत बसतेस, ती तिथे येतच नाही. म्हणून गुहागरला जाताना फोनची घंटा चालू ठेव आणि बाकी सगळं बंद कर. नवऱ्याची कपाटाची कल्पना मला मुळीच पटली नाही. त्याचा हेतू चांगला असेल, पण एक हाक ऐकायची राहून गेली म्हणून जिचा जीव घाबरतो, तिचा फोन कुलपात घातला तर ती सहाही दिवस मनाने त्या कपाटापाशीच उभी राहील.

घंटेची व्यवस्था निघायच्या आधीच्या रविवारी करून ठेव. अँड्रॉइड फोन असेल तर आई, भाऊ, शेजारच्या काकू आणि आईकडे कामाला येणाऱ्या बाई यांच्या नंबरांना स्टार दे. मग डू नॉट डिस्टर्ब चालू करून फक्त स्टारवाल्यांचेच कॉल वाजतील असं कर. तिथेच एक पर्याय असतो, की कुणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा. तो चालू ठेवायला विसरू नकोस, कारण दवाखान्यातला नंबर तुझ्या यादीत नसणार. काकूंना सांग, व्हॉट्सअॅपवरून करू नका, साधा फोन करा, आणि उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा. मग त्यांना एकदा खरोखर फोन करायला लावून तो वाजतो का बघ. कानांनी ऐकल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही.

किनाऱ्यावर रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून ज्यांच्या घरगुती निवासात उतरणार आहात त्यांचाही नंबर काकूंना आणि भावाला देऊन ठेव. आईला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी तूच फोन कर, आणि निवांत बोल. एरवी "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" इतक्यात संपवत असशील, तर इथे तिला हेदवीच्या बामणघळीत, खडकातल्या त्या अरुंद घळीत, पाणी कसं उसळलं तेही सांग.

आता बातम्या. मे 2025 मधल्या त्या रात्री तू एकटीच जागी नव्हतीस, सगळा देश जागा होता. पण जागून हाती काय लागलं ते पाहू. 8 मेच्या रात्री कितीतरी वाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगत होत्या आणि ते खोटं निघालं. जुने व्हिडिओ, चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं ताजं युद्ध म्हणून फिरत होती. जो माणूस त्या रात्री झोपला आणि सकाळी उठून पेपर वाचला, त्याला तुझ्यापेक्षा जास्त खरी माहिती मिळाली. 10 मेला शस्त्रसंधी झाली, तीही आपण कुणी पडद्याकडे बघत होतो म्हणून झाली नाही. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. देशाची काळजी वाटणारी बाई आहेस, ते चांगलंच आहे. पण ती काळजी रात्री दोन वाजता डोळे ताणून कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

दिवसातून एकदाच बातम्या घे, आणि ज्या बातम्यांना शेवट असतो त्या घे. पेपरला शेवटचं पान असतं. आकाशवाणीचं सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं मराठी बातमीपत्र दहा मिनिटांत संपतं. फोनवर मात्र खाली सरकवत राहिलं की नवं येतच राहतं. ही रचना 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकी डिझायनरने केली, आणि पुढे तिचे परिणाम पाहून त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तू थांबू शकत नाहीस यात तुझा दुबळेपणा फारसा नाही, थांबायची जागाच तिथून काढून टाकलेली आहे. दिवाळीत आणि धुळवडीला वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांना सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही. त्या दिवशी आपण चहा पितोच ना? आणि वादळाचीच भीती असेल, तर सरकारी इशारे हल्ली त्या भागातल्या मोबाइलवर मराठीत येतात. शिवाय समुद्राकाठची माणसं तुझ्या आधी आभाळ ओळखतात.

ग्रुपचं फार मनाला लावून घेऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर आठवड्याभरासाठी आवाज बंद करायची सोय आहे, आणि संग्रहात टाकलेले ग्रुप नवा निरोप आला तरी वर येत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वर्गातल्या एका आईला सांगून जा, काही अडलं तर फोन करा म्हणून. कुणी करणार नाही, बघ.

जाऊबाईंची गोष्ट वेगळी, तिथे नात्याचा प्रश्न आहे. न सांगता गप्प झालीस तर त्या मनात धरतील, आणि ते त्यांच्या बाजूने अगदी चूकही नाही. निघायच्या आधी त्यांना फोन कर. "वहिनी, आठवडाभर मी व्हॉट्सअॅप बंद ठेवतेय, डोकं फार शिणलंय. आल्यावर तुमच्याकडे येते, तेव्हा सगळे फोटो तुमच्याबरोबर बसून बघू." तुमच्यात ज्या नावाने हाक मारता त्या नावाने मार. फोटोखालच्या अंगठ्यापेक्षा घरी येण्याचं वचन त्यांना जास्त आवडेल. आणि तू तिथले फोटो तिथूनच स्टेटसला टाकू नकोस. घर बंद आहे हे साऱ्या गावाला कळवू नका, असं पोलीस दर सुट्टीत सांगतात. फोटो टाकला की कुणी बघितला, कुणी काय लिहिलं हे बघायला हात परत फोनकडे जातो, ते वेगळंच. फोटो लेकीला काढू दे, एअरप्लेन मोडवर टाकलेल्या एकाच फोनवर.

राहिले यजमान. नियम तुझ्या एकटीसाठी केला तर ती शिक्षा होईल आणि दोन दिवसांत भांडण होईल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला त्यातलं हे फार आवडतं की भोंगा सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजतो. शेजाऱ्याच्या घरातून मालिकेचा आवाज येत असता तर एकाही पोराने पुस्तक उघडलं नसतं. तुम्हीही तशी वेळ ठरवा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुणीच पडदा बघायचा नाही, आणि यात आयपीएल आलं. सामन्याचा निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचता येईल.

पहिला दिवस वाईट जाईल, हे गृहीतच धर. हात उगाच पर्सकडे जाईल. चिडचिड होईल, कंटाळा येईल, मुलांवर ओरडशीलही. त्या वेळेला हाताला आणि पायांना काहीतरी काम दे. पहाटे व्याडेश्वराला जा. गुहागरचा किनारा लांबच लांब आहे, अनवाणी चालत सुट. अंजनवेलला गोपाळगड आहे, धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते, मुलांना फार आवडेल. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळीच बघण्यासारखी असते, तर भरतीची वेळ फोनवर न शोधता घरमालकांना विचार, त्यांना ती तोंडपाठ असेल. आणि रात्री ओटीवर मेंढीकोटाच्या डावात बस. पाने नीट लावता आली नाहीत तरी बस.

एक मात्र बजावून सांगते. ही धडधड, झोप न लागणं, सतत काहीतरी वाईट घडणार असं वाटणं, हे सुट्टीहून परतल्यावरही तसंच राहिलं तर ते अंगावर काढू नकोस. बाबांच्या जाण्याचं दुःख तुझ्या आत अजून मोकळं झालेलं नाही, असं मला वाटतं, आणि त्याला मदत मिळते. तुमच्याजवळच ठाण्याला 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करते आहे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटचं, लेकीबद्दल. तिने विचारलेला प्रश्न तुला लागला, कारण त्याचं उत्तर तू तिला दिलेलं नाहीस. आजोबा गेल्याचं तिला माहीत आहे, पण त्या अकरा मिस्ड कॉलचं माहीत नसणार. तिच्या लेखी आईला आपल्यापेक्षा फोन आवडतो, इतकंच. पंधरा वर्षांच्या मुलीला हे समजतं. गुहागरला पोचेपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात तिला जवळ बसवून सगळं सांग, आणि तो स्टारवाल्या नंबरांचा उद्योगही तिच्याकडूनच करून घे. त्या यादीत कोण असावं हे तिलाही ठरवू दे.