व्याख्यानांची जबाबदारी प्रथमच घेणाऱ्या कार्यकर्त्यास

शोक आणि सैनिकांना मदत हे दोन विषय एकाच संध्याकाळी ठेवू नयेत. जवान गमावलेल्या घरातील माणसे समोर बसलेली असताना निधीचे आवाहन करणे मला तरी अप्रशस्त वाटते. मदतीच्या व्याख्यानासाठी ७ डिसेंबर, म्हणजे १९४९ पासून पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वजदिन, आपल्या कोकणात सोयीचा, कारण तोवर भातकापणी उरकलेली असते. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेच द्यावा.

शोकावरील वक्ता निवडताना अधिक काळजी घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांविषयीचे होते, तरी ते मागे राहिलेल्यांनी क्रमाने चढायच्या पायऱ्या असल्यासारखे सांगितले जातात, आणि मग वर्षश्राद्ध उलटल्यावरही रडणाऱ्या आईला आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. वक्त्याचे याविषयीचे मत आधीच विचारून घ्यावे. जाहीर प्रश्नोत्तरांऐवजी शेवटी चहा ठेवावा, कारण माणसे खरे बोलतात ती तिथे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक फळ्यावर लिहावा. हारतुरे वगळलेत तरी चालेल.