उच्चार इंग्रजांसारखा नसेल, तर संभाषणात गुण कमी पडतात का?

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती हमखास असते. शाळा मातृभाषेतून झाली, उच्चार इंग्रजांसारखे नाहीत, तेव्हा परीक्षक ऐकताक्षणीच गुण कापणार, असे त्यांनी धरूनच चाललेले असते. ज्या विद्यार्थिनीचा अनुभव येथे देत आहे, तिच्या हातात तर निकालपत्रच होते: श्रवण 7.5, वाचन 7, लेखन 6.5 आणि संभाषण 5.5. सरासरी 6.625 आल्याने एकूण बँड, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांत धरला जाणारा अंतिम गुण, 6.5 लागला होता आणि विद्यापीठाला तेवढा पुरेसाही होता. परंतु कोणत्याही विभागात 6 पेक्षा कमी नको, या अटीपाशी तिचा प्रवेश अडला होता. "मॅडम, माझा उच्चारच आडवा आला," असे ती ठामपणे म्हणाली.

मी तिची सराव मुलाखत घेतली. संभाषणाच्या दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड मिळते, तयारीसाठी एक मिनिट असते आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. 'तुमच्यासाठी मोलाची असलेली वस्तू' हा विषय दिल्यावर ती आजोबांच्या घड्याळाविषयी न अडखळता बोलली, मात्र जड शब्द पेरत आणि ओढूनताणून आणलेल्या परदेशी हेलात. शेवटी मी सहज विचारले, "ते घड्याळ आता कुठे असते?" ती गप्प झाली. असे घड्याळ नव्हतेच. उत्तर कुणाच्या तरी नोट्समधून पाठ केलेले होते.

संभाषणाचे गुण चार निकषांवर सारख्याच वजनाने दिले जातात: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. त्यातही उच्चाराच्या निकषात बोललेले सहज समजते का, हे पाहिले जाते. हेल कोणत्या देशाचा आहे, याला गुण नसतात. उलट पाठ केलेली उत्तरे परीक्षकांच्या लक्षात येतात, आणि तिसऱ्या भागातील चार-पाच मिनिटांच्या चर्चेत आयत्या वेळी विचार मांडावे लागत असल्याने पाठांतर तेथे कामी येत नाही. तिचे नुकसान येथेच होत होते. तिने पाठांतर आळसापायी केलेले नव्हते. 'माझे स्वतःचे इंग्रजी ऐकवण्याजोगे नाही' ही समजूत तिने वर्षानुवर्षे बाळगली होती, आणि अशी समजूत बाळगणारी हुशार मुले पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

आम्ही सगळ्या नोट्स बाजूला ठेवल्या. ती प्रयोगशाळेत काम करत होती. नमुन्याच्या नळीवर चिठ्ठी लावताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे मी तिला साध्या इंग्रजीत समजावून सांगायला लावले. ती थांबत, वाक्ये दुरुस्त करत बोलली, पण पुढचा प्रत्येक प्रश्न तिला पेलला. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकताना खरी उणीवही सापडली: शब्दाच्या शेवटचे व्यंजन ती गिळत असे. 'वर्क्ड'चे 'वर्क' झाले की भूतकाळ ऐकूच येत नाही आणि चूक उच्चाराची असूनही ती व्याकरणाची वाटते. हेल बदलण्याऐवजी रोज एवढ्याच गोष्टीचा सराव ठरवला.

तिने परीक्षा संगणकावर दिलेली असल्याने मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देण्याची सोय तिला उपलब्ध होती. ही सोय सर्व केंद्रांवर नसते आणि असा निकाल सर्व संस्था स्वीकारतातच असे नाही, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तिने विद्यापीठाकडून लेखी होकार मागवून घेतला. हे पाऊल कुणीही गाळू नये. फेरपरीक्षेत तिला संभाषणात 6.5 मिळाले, सरासरी 6.875 झाल्याने एकूण बँड 7 लागला, आणि अडलेला अर्ज पुढे सरकला.