तळजाईवरच्या रसाने शुगर उतरते का?

तुमचे सासरे तळजाई टेकडीवर रोज सकाळी कारलं-दुधीचा रस पितात, शुगर उतरली म्हणून आता गोळीच बंद करायची म्हणतायत आणि वर 'नैसर्गिकच आहे, अपाय तर नाही ना' असं म्हणतात, ह्यात तथ्य किती असं तुम्ही विचारलंय.

आधी एवढंच, गोळी बंद करू देऊ नका. मी कोथरूडला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, असे काका नेहमी येतात, गोळ्या निम्म्याच नेतात आणि उलट मलाच कारल्याचे फायदे ऐकवतात. अहो पण टेकडी चढून जाताय ना रोज? चालल्याने शुगर उतरतेच, क्रेडिट मात्र स्टीलच्या ग्लासाला. कारल्यावर ट्रायल झाल्यात, पण बहुतेक छोट्या, आणि निकालही एकमेकांशी जुळत नाहीत.

झाडपाल्याला माझा विरोध नाही हां. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी सर्पगंधा हाय बीपीच्या पेशंटना देऊन बघितली, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निकाल छापले, तेव्हा कुठे बाहेरच्या डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं, मग १९५२ मध्ये त्यातून रेसरपीन वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या आल्या. पण त्याच औषधाने डिप्रेशन येतं अशा तक्रारीही आल्या. गुण येतो तिथे अपायही येऊ शकतो, मुळी असो नाहीतर गोळी.

आता दुधीचं, कारण खरी काळजी मला त्याचीच वाटते. एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू विषारी द्रव्य जास्त असतं, रस प्यायल्यावर थोड्याच वेळात उलट्या-जुलाब, कधी उलटीत रक्त, बीपी एकदम खाली. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एक शास्त्रज्ञ गेले, नंतर आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) समितीने सांगितलं की कडू लागला तर अजिबात पिऊ नका. आणि ते शास्त्रज्ञ पीत होते तोही कारलं-दुधीच! कारलं घातल्यावर दुधी कडू आहे हे कळणार कसं?

सासऱ्यांना रस सोडा म्हटलंत तर ते ऐकायचे नाहीत (आमच्याकडे येणारे तरी कुठे ऐकतात), त्यामुळे निदान दुधी वगळायला लावा. रस पितात हे डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण गोळी आणि कारलं मिळून शुगर जास्तच खाली जाऊ शकते. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, त्यात शुगरची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि गोळी कमी करायची का ते डॉक्टर तो रिपोर्ट बघून ठरवतील.