दिवस गेले, आता दातांचं काय? : प्रश्नोत्तरे

प्रश्न : मला चौथा महिना चालू आहे. ब्रश करताना फेस गुलाबी होतो, चूळ भरली की बेसिनमध्ये रक्त दिसतं. घाबरून आठवडाभर ब्रश बंद ठेवलाय, नुसतं बोटाने मंजन लावते. चालेल ना?

उत्तर : नाही, त्याने सूज वाढेल. रक्त दिसलं की हात आखडणं साहजिक आहे, पण दोष ब्रशचा नाही. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला चिकट थर साचतो आणि त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं (हार्मोन्स) वाढल्यामुळे एरवी खपून गेला असता एवढ्याशा थरालाही ती चिडते. हा त्रास बहुतेकींना दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतो आणि आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातो.

बोटाने दाताचं पोट चकचकीत होतं, कड तशीच राहते. मऊ ब्रश घ्या, त्याचे केस हिरडीच्या कडेवर साधारण 45 अंशांत तिरके टेकवा, जागच्या जागी हलकेच हलवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्या. दिवसातून दोनदा. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. दोन आठवड्यांनीही कमी झालं नाही, तर बहुधा खाली कीटण, म्हणजे तोच थर कडक होऊन, बसलंय. ते घरी निघत नाही, दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या. गरोदरपणात ते सुरक्षित आहे.

प्रश्न : सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे येतात. उलटी झाली की तोंड इतकं कडू होतं की मी लगेच पुन्हा घासून ब्रश करते.

उत्तर : ते दुसरं घासणं आधी थांबवा! दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 5.5 च्या खाली गेला की विरघळायला लागतं आणि जठरातलं आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असतं. उलटीनंतर थोडा वेळ हे कवच मऊ पडलेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते खरवडून निघतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू सर्वांत आधी झिजते आणि ती आरशात दिसत नसल्यामुळे कळतही नाही. त्याऐवजी कपभर पाण्यात चहाचा एक चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा, थुंकून टाका. ब्रश अर्ध्या-एक तासाने.

उमाशांसाठी लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आणा आणि बेसिनवर मान खाली झुकवून दात घासा. पेस्टचा वास सोसत नसेल तर आधी कोऱ्या ब्रशने घासा, पेस्ट दिवसात जेव्हा सोसेल तेव्हा लावा. ब्रश सकाळीच झाला पाहिजे असं काही नाही. मात्र पेस्ट फ्लोराईडचीच हवी.

प्रश्न : बाविसावा आठवडा आहे. दाढ रात्रभर ठणकते. डॉक्टर रूट कॅनल करू म्हणतात, सासूबाई म्हणतात बाळंतपण होऊ दे. एक्स-रे आणि इंजेक्शनचीही भीती वाटते. तोवर घरातली दुखण्याची गोळी घेऊ का?

उत्तर : सासूबाईंची काळजी समजते, पण चार महिने ही दाढ गप्प बसणार नाही. जंतुसंसर्ग पसरून गालावर सूज आणि ताप आला, तर तो तुम्हाला आणि बाळाला उपचारापेक्षा जास्त महागात पडेल. दंतवैद्याच्या खुर्चीत बसायला सोयीचा काळ म्हणून दुसरी तिमाही उत्तम आणि तुम्ही त्यातच आहात. असह्य दुखणं किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करतात.

दाताच्या एक्स-रेचा झोत तोंडावर असतो, पोटापर्यंत पोचणारं प्रमाण नगण्य. दाढ बधिर करायला लिग्नोकेन चालतं. दुखत असताना भूल न घेता सोसत बसण्यात शहाणपण नाही. खुर्चीत मात्र सपाट उताणं झोपू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी घ्या, म्हणजे अंग डावीकडे कलतं.

घरातली गोळी मात्र अजिबात नको. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असेल तर विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, शेवटच्या महिन्यांत हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आवळण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉल चालतं, मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. आणि कितवा आठवडा आहे ते दंतवैद्यांना आधीच सांगा. टेट्रासायक्लिनसारखी औषधं ते टाळतील, कारण त्याने बाळाचे दात डागाळतात.

प्रश्न : पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीवर लालभडक गाठ आलीय. हात लागला तरी रक्त येतं. कॅन्सर तर नाही?

उत्तर : वर्णनावरून गरोदरपणातली नेहमीची, निरुपद्रवी गाठ वाटते. न बघता मी शिक्का मारणार नाही, एकदा दाखवून या. कड स्वच्छ ठेवली तर बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप आक्रसते. चावताना मध्ये येत असेल तरच आधी काढतात.

प्रश्न : आई म्हणते, एका मुलामागे एक दात जातोच, बाळ दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. खरं का?

उत्तर : बाळ कॅल्शियम घेतं ते तुमच्या आहारातून, कमी पडलं तर हाडांतून. दातांतलं कॅल्शियम रक्तात परत जात नाही. दात जातात ते किडीने आणि सुजलेल्या हिरड्यांनी. दर तासाला काहीतरी गोड तोंडात टाकणं, उलट्या, चुकवलेला ब्रश आणि 'नंतर बघू' असं म्हणून सोडलेली दाढ, एवढं त्याला पुरतं. आईंना एकदा विचारून बघा, त्यांचा दात दुखत होता तेव्हा कुणी त्यांना दवाखान्यात नेलं होतं का.