बायोसेन्सरमध्ये करिअर करायचे, तर सूक्ष्मजीवशास्त्र सोडावे का?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी कराडला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आहे. दुधातील साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू ओळखणाऱ्या अँटीबॉडी-आधारित बायोसेन्सरवर (म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने जंतू ओळखणाऱ्या संवेदकावर) तिने सेमिनार दिला आणि आता तिला याच विषयात पुढे जायचे आहे. त्यासाठी तिने नॅनोतंत्रज्ञानाकडे वळावे की आपल्याच विषयात एम.एस्सी. करावी, आणि एवढे शिकून नोकरी मिळेल का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की तिने सूक्ष्मजीवशास्त्र सोडू नये. ते का, हे समजण्यासाठी थोडे तांत्रिक तपशिलात जावे लागेल.

अन्नातील साल्मोनेला शोधण्याची प्रमाण पद्धत आजही संवर्धनाचीच आहे. नमुना आधी साध्या आणि मग निवडक पोषकद्रवात वाढवायचा, पेट्री डिशमध्ये वसाहती उगवू द्यायच्या आणि त्यांची खातरजमा करायची, यात नमुना निर्दोष असला तरी तीन-एक दिवस जातात आणि संशयास्पद असला तर त्याहून अधिक. दूध काही तेवढे दिवस टँकरमध्ये थांबत नाही. हा वेळ वाचवण्यासाठी, ठरावीक जिवाणूच्या पृष्ठभागावरील रेणूलाच चिकटणारी अँटीबॉडी इलेक्ट्रोडवर, सोन्याच्या पातळ थरावर किंवा ऑप्टिकल फायबरवर बसवली जाते, आणि जिवाणू तिला चिकटल्यावर विद्युतरोधात किंवा प्रकाशात होणारा बदल मोजला जातो. कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तितकी तयार करण्याची पद्धत शोधली, ज्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या संवेदकांचा मोठा आधार तीच पद्धत आहे.

मात्र शोधनिबंधातील संवेदक आणि डेअरीतील संवेदक यांत मोठे अंतर आहे. साल्मोनेलाच्या बाबतीत २५ ग्रॅम नमुन्यात तो मुळीच आढळू नये, अशी अट सर्वसाधारणपणे असते. याउलट बहुतेक अँटीबॉडी-संवेदकांना दर मिलिलिटरमध्ये हजारभर किंवा त्याहून अधिक जिवाणू असल्याशिवाय संकेत मिळत नाही. त्यामुळे नमुना काही तास तरी वाढवावाच लागतो आणि ‘दहा मिनिटांत निदान’ हे वाक्य त्या तासांविषयी मौन बाळगते. शिवाय दुधातील स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन संवेदकाच्या पृष्ठभागावर बसतात, जवळच्या नात्यातले निरुपद्रवी जिवाणूही कधी कधी त्याच अँटीबॉडीला चिकटतात, आणि पाश्चरीकरणात मेलेले जिवाणूही पकडले जात असल्याने सुरक्षित दूध दूषित ठरू शकते. विद्युतरोध मोजणारे यंत्र विकत घेता येते. चांगली अँटीबॉडी निवडणे आणि खऱ्या नमुन्यावर तिची कसून पडताळणी करणे हे मात्र जिवाणू जाणणाऱ्या माणसाचेच काम आहे.

म्हणून तिने सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करावी. शिवाजी विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे जवळचे पर्याय आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे साहाय्य असलेल्या अभ्यासक्रमांसाठी जीएटी-बी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. विद्यापीठाच्या नावापेक्षा प्रबंधाचा प्रकल्प कोणत्या प्रयोगशाळेत मिळतो, याकडे अधिक लक्ष द्यावे. आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात ऑप्टिकल फायबर संवेदकांवर काम झाले आहे, तर म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाचीच संस्था आहे. अशा ठिकाणी काही महिने काम करण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये. एलायझा (अँटीबॉडी वापरून करायची प्रयोगशाळेतील चाचणी), पृष्ठभागावर अँटीबॉडी बसवण्याचे रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र या तीन गोष्टी तिच्या हाताखालून जायला हव्यात.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. ‘बायोसेन्सर’ या नावाने निघणाऱ्या जागा थोड्या आहेत आणि नवे संवेदक घडवण्याच्या संशोधनासाठी बहुधा पीएच.डी. लागते. त्याच कौशल्यांची गरज असलेली कामे मात्र अधिक आहेत. २०२१ मध्ये घरोघरी पोहोचलेला पुण्याच्या मायलॅबचा कोविसेल्फ हा संच विषाणूसाठी असला, तरी तो अँटीबॉडीवरच चालतो. गोव्याची ट्युलिप डायग्नॉस्टिक्सही निदान-संच बनवते. त्याशिवाय एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या अन्नचाचणी प्रयोगशाळा आहेत, आपल्या भागातील डेअऱ्यांचे गुणवत्ता विभाग आहेत. अन्नाच्या जलद चाचणी-संचांना एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था मान्यता देते आणि त्यासाठी संचाचे निकाल प्रमाण पद्धतीशी पडताळून दाखवावे लागतात. हे काम फारसे झगमगीत नाही, पण एम.एस्सी. झालेल्या काटेकोर मुलीला ते करता येण्याजोगे आहे. घरची आर्थिक ओढाताण असेल, तर एम.एस्सी.नंतर एक-दोन वर्षे अशी नोकरी करून मग पीएच.डी.चा विचार करण्यात काहीही गैर नाही.

इतके सांगूनही तिचा ओढा नॅनोतंत्रज्ञानाकडेच असेल, तर प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमाची पत्रिका आपण दोघींनी शेजारी बसून वाचावी. तीत रोगप्रतिकारशास्त्राची, म्हणजे अँटीबॉडीच्या शास्त्राची, प्रात्यक्षिके नसतील, तर तो अर्ज भरू नये.