‘ॲट द बिगिनिंग’, ‘इन द बिगिनिंग’ की ‘ॲट फर्स्ट’?

विचारणा अशी आहे: ‘नोकरीच्या सुरुवातीला मला फोनवर बोलायची भीती वाटायची’ हे इंग्रजीत सांगताना ‘ॲट द बिगिनिंग’ म्हणावं की ‘इन द बिगिनिंग’? आणि ‘ॲट फर्स्ट’ चालेल का?

पुढे ‘ऑफ’ येतंय का ते आधी बघा. महिन्याची, सिनेमाची, तिसऱ्या प्रकरणाची, अशी कशाची तरी सुरुवात सांगायची असेल तर ‘ॲट द बिगिनिंग ऑफ’. ‘इन द बिगिनिंग ऑफ जून’ असंही वाचायला मिळतं, त्याला मी सरसकट चूक म्हणणार नाही. पण आज लिहिताना ‘ॲट’च बरं. (‘इन अर्ली जून’ म्हटलं की वादच मिटतो.)

‘ऑफ’ नसेल तर ‘इन द बिगिनिंग’. त्यात सुरुवातीचे काही दिवस, काही महिने असा काळ येतो. मात्र १६११च्या किंग जेम्स बायबलचा आरंभच या शब्दांनी होतो (मराठी बायबलात तिथे ‘प्रारंभी’ आहे), त्यामुळे त्यांना थोडा धीरगंभीर सूर चिकटलाय. फोनच्या भीतीसाठी इतकं कशाला? ‘ॲट फर्स्ट आय वॉज स्केअर्ड टु टॉक ऑन द फोन’ हे सर्वांत सहज.

खरा घोळ पुढेच आहे, आणि तो घालतं आपलं ‘पहिल्यांदा’. ‘पहिल्यांदा हात धू, मग जेव’ इथे नुसतं ‘फर्स्ट’. ‘पहिल्यांदाच समुद्र पाहिला’ इथे ‘फॉर द फर्स्ट टाइम’. ‘पहिल्यांदा तो लाजायचा, आता बघा!’ इथे ‘ॲट फर्स्ट’. आपण तिन्हीकडे ‘ॲट फर्स्ट’ ठोकून देतो. ‘ॲट फर्स्ट’ कानावर पडलं की इंग्रजी ऐकणारा ‘बट’ची वाट बघू लागतो: आधी तसं होतं, मग बदललं. हात धुण्यात बदलायचंय काय?

‘टु बिगिन विथ’ दोन्हीकडे चालतं. ‘ॲट फर्स्ट’च्या जागी तर चालतंच, शिवाय कारणं सांगताना आपण ‘एक तर’ म्हणतो तिथेही: एक तर घर लहान, त्यात पाहुणे.

‘इन द फर्स्ट प्लेस’ला मात्र ‘सुरुवातीला’ लावू नका. ते आपलं ‘मुळात’: मुळात तू तिथे गेलासच कशाला?